सकाळी सातचं सूप

२ सप्टेंबर, सोमवार

माझं नाव प्यो संग-गिल. हे मुद्दाम इथे लिहून ठेवतो, कारण आजपासून दिवसभर हे नाव कुणी घेणार नाही. नव्या ऑफिसात मी मार्क.

कंपनी गणिताचं अ‍ॅप विकते. तिथे सगळे समान, म्हणून वय, पद, आडनाव सगळं चपलांबरोबर दाराबाहेर काढायचं आणि प्रत्येकाने एक इंग्रजी नाव लावायचं. 'सर' म्हणायचं नाही, 'साहेब' म्हणायचं नाही. नुसतं नाव आणि 'तुम्ही'. मी म्हटलं, मला माझं नाव पुरतं. तर मालकाने उरलेल्या नावांतून मार्क काढून दिलं. शेवटचा सदरा जसा कुणाच्याही अंगाला येवो न येवो, हातात देतात, तसं.

मालक म्हणजे लिओ. खरं नाव मा दोंग-ह्योक, वय छत्तीस. एमबीएला माझ्या वर्गात होता, त्यानेच मला बोलावलं. तीन महिन्यांचं प्रोबेशन, मग विभागप्रमुख म्हणून कायम. माझ्या विभागाचं नाव 'ग्राहक-निष्ठा'. विभागात माणसं दोन. मी आणि लूना नावाची एक मुलगी, माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. मला बघून ती ताडकन उठली, दोन्ही हात पुढे जोडून वाकली, "सर" म्हणाली आणि जीभ चावून "मार्क" म्हणाली. पहिल्याच दिवशी चेष्टा. मी मान हलवली आणि बसलो.

शेजारच्या पोराने कीबोर्डवरच किंबापच्या, भाताच्या त्या गुंडाळ्या ठेवून खाल्ल्या. तिळाचं तेल बटणांवर. मग तीच बोटं त्याने माझ्याशी हात मिळवायला पुढे केली.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बायको विचारते, "अहो मार्क, कचरा टाकून येता का?" तिला गंमत वाटते. मला वाटत नाही, तरी कचरा टाकून आलो.

बावीस वर्षं क्लासमध्ये गणित शिकवलं. पहिल्या वर्षी बारा मुलं, नंतर मोठा हॉल, दीडशे मुलं, गळ्यात माइक. मग व्हिडिओवाले आले. चेहऱ्याला पावडर लावून शिकवणारे, मध्येच गाणी म्हणणारे. माझा हॉल अर्धा झाला, मग पाव. संचालिका चे-बाई म्हणाल्या, "प्यो सर, तुम्हीही थोडं हसून शिकवा ना." बेरीज करताना का हसायचं, हे मला आजवर कळलेलं नाही. तेव्हा ठरवलं, धंद्यात जावं. तिथे तरी आकड्याला किंमत असेल.

सोळाव्या वर्षी माझी शाळा सुटली. मुलामा देण्याच्या कारखान्यात काम करत शाळेची परीक्षा बाहेरून दिली, आणि पुढे सरकारच्या स्वयंअध्ययन परीक्षांमधून पदवी घेतली. एकाही वर्गात न बसता. एमबीएच्या पहिल्या संध्याकाळी जो तो एकच प्रश्न विचारत होता, "तुमची बॅच कुठली?" मी म्हणालो, "माझ्या बॅचमध्ये मी एकटाच." लोक हसले आणि लगेच पुढच्या माणसाला व्हिजिटिंग कार्ड द्यायला वळले. दोन वर्षं संध्याकाळ आणि शनिवार त्या लोकांबरोबर काढले. गटकार्यात विमा कंपनीतल्या एका गृहस्थाचं योगदान म्हणजे पहिल्या पानावरचं त्याचं नाव. तेही त्याने चुकीचं लिहून पाठवलं होतं. मी दुरुस्त केलं. वर्गात पहिला आलो. त्याचं अभिनंदन फक्त लिओने केलं, हे खरं, म्हणून लिहितो.

११ सप्टेंबर, बुधवार

आज फोटो काढले. जाहिरातीसाठी. मला वाटलं सगळ्या विभागप्रमुखांचे काढतात. माझेच काढले.

मला काळा फळा दिला, मागे खोटी समीकरणं. त्यातलं एक चूक होतं. मी डाव्या बाजूचं चिन्ह बदललं तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, "काका, ते नुसतं दिसायला आहे." मग हातात खडू दिला. नवाकोरा, अख्खा. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो. शिक्षक तो आधी मोडतो. मी मोडला. त्याने दुसरा अख्खा दिला. "मोडलेला स्वस्त दिसतो, काका."

चहात पडलेली माशी काढून चहा पुन्हा पुढे करावा, तसं वाटत राहिलं दिवसभर.

२५ सप्टेंबर, बुधवार

माझी पहिली योजना मंजूर झाली. लिओ म्हणाला, "मार्क, हे सोनं आहे."

प्रश्न असा होता: अ‍ॅपवरची मुलं सहा-आठ महिन्यांत सोडून जातात. त्यांना धरून ठेवायचं कसं? पोरांच्या कल्पना मी वहीत उतरवल्याही नाहीत. एकजण म्हणाला नाचणारं अस्वल. माझी योजना साधी आहे. आपल्याकडे वाढदिवसाला प्रत्येक आई समुद्री शेवाळाचं सूप करते. बाळंतिणीला देतात ते सूप, म्हणून जन्मदिवशी तेच. तर प्रत्येक मुलाला वाढदिवशी फोनवर शुभेच्छा आणि त्यासोबत दुकानात दाखवून घ्यायची सूपाच्या पाकिटाची भेट. गरम पाण्यात टाकलं की झालं. केकपेक्षा कितीतरी स्वस्त आणि केकमध्ये आई नसते. वेळ सकाळी सात, कारण हे सूप न्याहारीलाच घेतात. मजकूर मीच लिहिला: 'आज तुझा दिवस. गरमगरम शेवाळाचं सूप पिऊनच घराबाहेर पड.'

मी सगळ्या शक्यता तपासल्या. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्यांना तीन वर्षं संदेश गेलाच नसता; त्यांच्यासाठी अठ्ठावीसचा नियम घातला. चांद्र पंचांगाने वाढदिवस करणाऱ्या घरांसाठी वेगळा रकाना. लिओच्या त्या हुशार पोरांपैकी एकालाही एकोणतीस फेब्रुवारी सुचला नव्हता. टेबलाभोवती दहा पदवीधर, चांगल्या चांगल्या बॅचचे.

लूनाने नियमाची तपासणी कागदावर करून आणली. एक गोष्ट बघितली: तिची बरोबरची चिन्हं एकाखाली एक, सरळ रेघेत होती. आजकाल हे कुणी करत नाही. पोरीला लहानपणी कुणी बरा शिक्षक भेटला असावा.

८ ऑक्टोबर, मंगळवार

लूना दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हात एकमेकांत गुंतवलेले.

"मार्क, ते नोव्हेंबरच्या वाढदिवसांचं… म्हणजे मला वाटत होतं की…"

"काय वाटत होतं?"

"नाही, म्हणजे तुम्ही बघितलंच असेल, पण…"

मी म्हणालो, "आधी मनात वाक्य पूर्ण कर, मग ये." इथे 'करा' आणि 'या' म्हणायचं असतं. माझ्या तोंडून होत नाही. पंचविशीतल्या पोरीला 'तुम्ही' म्हणताना आपणच कुणाची तरी नक्कल करतोय असं वाटतं.

ती वाकून गेली. परत आली नाही. नियमात नोव्हेंबर वेगळा कशाला असेल? तीस दिवसांचे महिने चार आहेत, चौघांना तोच नियम.

इथे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मनातलं बोला.' एकालाही नीट वाक्य बोलता येत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सूपाची योजना चालली. अ‍ॅप सोडून जाणारी मुलं कमी झाली. आनंद म्हणून लिओने सगळ्यांना जेवायला नेलं. मधोमध तव्यावर गुरांची आतडी चरचरत होती. ती कात्रीने कापताना आतलं पांढरं बाहेर येतं. पोरांनी त्याचेही फोटो काढले.

समानता म्हणतात, पण मी ग्लास उचलला की माझ्या बाजूची सगळी पोरं तोंड फिरवून प्यायची, वडीलधाऱ्यांसमोर पितात तशी. मला सगळ्यात आधी वाढलं. तव्याजवळचं उशीचं आसन मला. ही चेष्टा नाही तर काय? नावाने मार्क म्हणायचं आणि ताटात मात्र म्हातारा करून ठेवायचं.

लिओने उठून भाषण केलं. "मार्क आपला खजिना आहे." मग तीच ती जाहिरात सगळ्यांना फोनवर दाखवली. भुयारी रेल्वेच्या स्थानकात माझा फोटो लागलाय, माणसाएवढा. हातात अख्खा खडू. खाली: 'बावीस वर्षांचा गुरू, आता तुमच्या खिशात.'

मी गुरुपण सोडून इथे आलो आणि हे मला गुरू म्हणूनच विकतायत. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग दुसरं काय होतं तुमच्याकडे विकायला?" तिला तसं म्हणायचं नव्हतं. असेल.

३० ऑक्टोबर, बुधवार

लूना पुन्हा आली. या वेळी पाठ करून आली होती असं वाटलं. "मार्क, माझी प्रवेश परीक्षा होती त्या वर्षी आमच्या आईने शेवाळाचं सूप घरात येऊ दिलं नव्हतं. शेवाळ निसरडं ना. प्यायलं की परीक्षेत घसरतो म्हणतात. म्हणून मला वाटलं, आपण एकदा तारखा…"

मी हात वर केला. हे मला नवीन नाही. आमच्या क्लासच्या खानावळीतसुद्धा थंडी सुरू झाली की ते सूप बंद व्हायचं आणि त्याऐवजी तांदळाच्या चिकट वड्या वाटायचे, कॉलेजातली जागा चिकटावी म्हणून. बावीस वर्षं मी तो मूर्खपणा बघितला. वर्षभर मान मोडून त्रिकोणमिती करायची आणि शेवटी भरवसा वडीवर!

मी म्हणालो, "लूना, आपण गणित विकतो. आईची भीती नाही. आणि वाढदिवसाला सूप नाही द्यायचं तर काय द्यायचं?"

"नाही, रोजचं नाही म्हणत मी, फक्त त्या…"

"झालं?"

"झालं," ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं की तिच्या अहवालात दशांशचिन्हानंतर कुठे दोन आकडे आहेत, कुठे तीन. एकसारखे हवेत. तिने लगेच करून दिले. कामाला चांगली आहे. फक्त अंधश्रद्धा फार.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

परवा प्रवेश परीक्षा. ऑफिस दहाला उघडणार, रस्ते मुलांसाठी मोकळे राहावेत म्हणून. पहाटे शाळेच्या दाराशी जाऊन उभा राहीन म्हणतो. दरवर्षी जातो. बायको म्हणाली, "यंदा तुमची मुलं कुठेत दाराशी?" थर्मास कुठे ठेवलाय ते मात्र सांगितलं.

आज लूना पूर्ण दिवस लिओच्या काचेच्या खोलीबाहेर घुटमळत होती. तो कुणा पैसेवाल्यांशी फोनवर. शेवटी ती घरी गेली. काहीतरी रजेचं असेल.

महिनाअखेरीला माझं प्रोबेशन संपतं. कायम झालो की खुर्ची बदलून मागणार. या खुर्चीला धड पाठ नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सहाला दाराशी पोचलो. दात वाजत होते. खालच्या वर्गातली पोरं ढोल बडवत आपल्या शाळेच्या सीनियरांच्या नावाने ओरडत होती. लोखंडी दारावर आयांनी चिकट वड्या चिकटवलेल्या, थंडीने दगड झालेल्या. मला नेहमी जी किळस येते ती आली. आणि नेहमीसारखा मी तिथेच उभा राहिलो, थर्मास धरून. बार्लीचा चहा. चार-पाच मुलांना दिला. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं. एकाने स्थानकातला फोटो आठवून माझ्याकडे दोनदा बघितलं, एवढंच.

सात वाजले. माझ्या शेजारी एक बाई आपल्या मुलीचा मफलर गुंडाळत होत्या. मुलीच्या हातातला फोन वाजला. तिने वाचला आणि तिचं तोंड उतरलं.

"काय गं? कुणाचा?"

"काही नाही, आई."

"दाखव." बाईंनी फोन ओढून घेतला. वाचला. मग एवढ्या मोठ्याने ओरडल्या की ढोलवाली पोरं थांबली. "कोण आहे हा मेला? आजच्या दिवशी? सूप पिऊनच घराबाहेर पड म्हणे! कुणाला वैर काढायचंय माझ्या लेकीशी?"

मी मजकूर बघायला वाकलो नाही. मला तो पाठ होता.

"आई, माझा वाढदिवस आहे म्हणून आलाय," मुलगी म्हणाली. "आणि मी प्यायले कुठे? नुसतं वाचलंय." असं म्हणाली आणि तिची हनुवटी थरथरायला लागली.

"वाचलंस तरी का?" बाई म्हणाल्या, आणि आता त्याही रडणार असं दिसलं. "वर्षभर मी घरात ओलं फडकंसुद्धा जमिनीवर पडू दिलं नाही, आणि हे बघा!"

मी थर्मासचं झाकण भरलं आणि मुलीपुढे धरलं. "चहा पी. बार्लीचा आहे. घसरत नाही."

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मी गणिताचा शिक्षक आहे."

तोंडून तेच आलं. कार्डावर वेगळं छापलंय. कार्ड खिशातच होतं.

मुलीला म्हणालो, "वाचल्याने काही होत नाही. गणिताच्या पेपरात शेवटची दोन उदाहरणं आधी वाचायची, सोडवायची नाहीत. नुसती वाचायची. मग पहिल्यापासून सुरू. डोकं मागे आपोआप काम करत राहतं. वाचलेलं असं कामी येतं. कळलं?"

तिने मान हलवली. "कुठल्या क्लासला शिकवता, सर?"

मी म्हणालो, "उशीर होतोय, आत जा."

ती गेली. बाई दारावरच्या वडीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा. ज्याने हे पाठवलं त्याच्या घरात मूल नसेल का हो?"

मला एक मुलगी आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दहाला ऑफिसात गेलो तेव्हा सगळं सगळीकडे पोचलं होतं. आज वाढदिवस असलेल्या एक्केचाळीस परीक्षार्थींना सूप गेलं होतं. त्यांच्या भावंडांनी आणि आयांनी संदेशाचे फोटो काढून जगभर फिरवले. 'गणिताच्या कंपनीला तारीख वाचता येत नाही.' एकाने माझा स्थानकातला फोटो घेऊन खडूच्या जागी सूपाचा वाडगा लावला होता. तो वाडगासुद्धा खडूसारखाच, बोटांच्या चिमटीत धरलेला.

एकोणतीस फेब्रुवारी मला दिसला. चौदा नोव्हेंबर दिसला नाही. बावीस वर्षं ज्या दिवसाभोवती माझं कॅलेंडर फिरलं, तो दिवस.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बैठक. तिलाही नाव आहे, 'निर्दोष उजळणी'. नियम असा: काय घडलं ते बोलायचं, कोणी केलं ते बोलायचं नाही. प्रत्येकाने रंगीत चिठ्ठी लिहून काचेवर चिकटवायची. अर्ध्या तासात काच भरली. 'समन्वय कमी पडला.' 'प्रक्रियेत अंतर राहिलं.' 'सांस्कृतिक संवेदना वाढवायला हवी.' सगळ्या खाली खाली सरकत होत्या, कारण गोंद हलका. एवढे लोक, आणि त्या काचेवर एकही माणूस नाही.

लिओ काचेसमोर फिरत म्हणाला, "छान. छान. आपण शिकतोय."

मग लूना उठली आणि तिने पिवळी चिठ्ठी लावली. तिचं अक्षर लांबूनही वाचता येतं. 'नियमाची तपासणी मी केली होती. माझ्याकडून राहिलं.'

खोलीत सगळ्यांना एकदम हायसं वाटलं, ते मला दिसलं. शेवटी एक माणूस सापडला होता. लिओ म्हणाला, "धन्यवाद, लूना. धाडस लागतं याला." आणि माझ्याकडे बघून किंचित हसला, म्हणजे सुटलात. आजूबाजूची पोरं खाली बघत होती. माझ्याकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं.

ही मुलगी खोटं लिहितेय आणि ते खोटं माझ्यासाठी दक्षिणा म्हणून काचेवर ठेवतेय, हे मला सहन झालं नाही. मला कुणाची भीक नको. चुकीचं उत्तर असलं तरी ते ज्याचं त्याच्या नावावर हवं. उत्तरपत्रिकेवर दुसऱ्याचं नाव चालत नाही. मी उठलो, तिची चिठ्ठी काढली, घडी घालून खिशात ठेवली, आणि माझी लावली. 'योजना माझी. वेळ माझी. मजकूर माझा.' खाली नाव लिहिलं. मार्क नाही. प्यो संग-गिल, आमच्या लिपीतली तिन्ही अक्षरं. चिठ्ठी सरकू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली.

"मार्क," लिओ म्हणाला, "इथे कुणी कुणाला दोष देत नाही."

"तेच तर घाण आहे," मी म्हणालो.

'मनातलं बोला' माझ्या बरोबर मागे लिहिलेलं होतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

लिओने कॉफीला नेलं. कागदी कपावर त्याने माझं नाव सांगून लिहून घेतलं होतं, तेही चुकीचं. बराच वेळ हवामान. मग म्हणाला, "मार्क, तुम्ही अफाट आहात. पण तुम्ही फार… शिक्षक आहात. तुमचा आणि आमचा ताल जुळत नाही."

म्हणजे कायम नाही. एमबीएला आम्ही दोघांनी मिळून माणसाला काढून टाकताना काय बोलावं यावर टिपण लिहिलं होतं. मजकूर जवळजवळ तोच. त्यातलं शेवटचं वाक्य मी लिहिलेलं होतं. त्याने तेही म्हटलं: "हा शेवट नाही, नात्याचं नवं रूप आहे." मी लिहिलं तेव्हा ते मला चांगलं वाटलं होतं. तोंडावर ऐकल्यावर कळलं, किती चिकट आहे.

मग तो पुढे झुकला. "तुमचा फोटो मात्र हिवाळाभर ठेवतो आम्ही. लोकांना आवडतो. मानधन देऊ."

"सूपवाला?"

"नाही हो! खडूवाला."

"खडू मोडलेला हवा," मी म्हणालो. त्याला कळलं नाही. मी फोटो उतरवायला सांगितला आणि कॉफी तशीच ठेवून उठलो.

टेबल आवरलं. लूना जागेवर नव्हती. माझ्या खुर्चीवर कुणीतरी पाठीला लावायची छोटी उशी ठेवली होती. आज, शेवटच्या दिवशी. काय उपयोग? आणि कुणाची ते लिहिलेलं नाही. परत कुणाला करणार? म्हणून घेऊन आलो.

१० डिसेंबर, मंगळवार

माझा पन्नासावा वाढदिवस. बायकोने सूप केलं. बरोबर सातला फोन वाजला. 'मार्क, आज तुझा दिवस. गरमगरम शेवाळाचं सूप…' नोकरी गेली तरी यादीतून नाव गेलेलं नाही. मला 'तू' म्हणणारं त्या कंपनीतलं एकमेव काहीतरी.

खाली नवीन ओळ होती, बारीक अक्षरांत: 'ही भेट १४ नोव्हेंबरला पाठवली जात नाही.'

मी चमचा खाली ठेवला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"गाढवं आहेत. चौदा नोव्हेंबर कायमचा बंद केला. परीक्षा तारखेने नसते, गुरुवारी असते. पुढच्या वर्षी एकोणीस नोव्हेंबरला आहे. म्हणजे पुढच्या वर्षी चौदाला जन्मलेली बिचारी सूपाशिवाय आणि एकोणीसवाली पुन्हा परीक्षेच्या दाराशी."

"मग कळवा त्यांना."

"मी कशाला कळवू? मला काढलंय त्यांनी. घसरू दे."

"मग नका कळवू. सूप प्या."

दोन चमचे प्यायलो. त्या बाई दिसल्या, वडीवर हात ठेवलेल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी असतील, दुसऱ्या मफलरसकट. मी फोन उचलला. लिओला करणार नव्हतोच. लूनाला केला.

"हॅलो, सर?" पहिल्या घंटेला. सर म्हणाली. या वेळी जीभ चावली नाही.

मी म्हणालो, "परीक्षा तारखेने नसते."

"माहीत आहे, सर. मी सांगितलं. लिओ म्हणाला, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

"बघायचं नाही. लिहून घे. परीक्षा मंडळ तारीख जाहीर करतं, ती दरवर्षी घालायची. घातली नसेल तर संपूर्ण नोव्हेंबर संदेश जाणार नाही. आणि परीक्षा पुढे ढकलली तर? दोन वर्षांपूर्वी भूकंपाने ढकलली होती. त्याचा वेगळा नियम."

"हो, सर." लिहिल्याचा आवाज येत होता. "एकाखाली एक लिहिते."

मग मला ते आठवलं. "तुला बरोबरची चिन्हं अशी मांडायला कुणी शिकवलं?"

लिहिल्याचा आवाज थांबला.

"तुम्हीच, सर. मोठ्या हॉलमध्ये. मी मागे, खांबाच्या बाजूला बसायचे. माझं खरं नाव ओक सुल्गी. तुम्हाला आठवणार नाही."

मला आठवलं नाही. खांब आठवला.

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"सर म्हटलं होतं ना."

"आणि ते नोव्हेंबरचं?"

"दोनदा आले होते, सर." ती जराशी हसली, टोचून नाही. "तुम्ही म्हणालात, मनात वाक्य पूर्ण कर. मला तुमच्यासमोर वाक्य कधीच पूर्ण करता आलं नाही. क्लासमध्येपण. ऑफिसात सगळ्यांनाच तसं व्हायचं. कुणाची हिंमत नव्हती."

मी म्हणालो, "उशी कुणाची आहे?"

"सगळ्यांची," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात घेतली होती. द्यायची कशी ते ठरेना. तुम्हाला म्हातारं म्हटल्यासारखं वाटेल म्हणून."

फोन ठेवला. त्या पोरांविषयी मी जे काही लिहिलंय ते खोडणार नाही. किंबापचं तेल खरंच बटणांवर होतं.

बायको म्हणाली, हिवाळी वर्ग जानेवारीत सुरू होतात, चे-बाईंना फोन करून बघा. मी म्हणालो, आज करणार नाही. आज माझा वाढदिवस आहे. उद्याही करणार नाही. परवा बघू.

सूप निवलं होतं. बायको समोर बसून माझ्याकडे बघत होती. सगळं प्यायलो. मीठ कमी होतं. तिला म्हणालो, चांगलं झालंय.